हरळी काढा, हिरवळ लावा

पुण्यात शरद ऋतू येतो तो पंचांगात. अंगणात येते ती ऑक्टोबर हीट. पंचांगवाल्यांनी आश्विन-कार्तिक शरदाच्या नावावर केले, कवींनी त्यात चांदणं ओतलं, आणि पावसाळाभर ओल धरलेल्या गाद्या भर दुपारी बाराला गच्चीत नेणाऱ्या माणसाला या दोघांचेही पत्ते हवेसे वाटू लागले.

त्यातून हा ऋतू एकदाचा येऊन जातो असंही नाही. राजस्थानातून मॉन्सून माघारी फिरण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख 17 सप्टेंबर. पुणं सोडायला त्याला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. मधल्या काळात हस्त नक्षत्राचं निमित्त काढून तो पुन्हा दारात येतो, छत्र्या माळ्यावर टाकल्या आहेत ना याची खात्री करून घेतो आणि मग धो धो कोसळतो. या येरझाऱ्या संपत आल्या की बंगलेवाले, रो-हाउसवाले आणि तळमजल्यावरचे ‘गार्डन फ्लॅट’वाले आपापल्या दारात उभे राहतात, कमरेवर हात ठेवतात आणि चार महिन्यांत काय काय उगवलं ते बघतात. कमरेवर हात ठेवणं ही बागकामाची पहिली पायरी आहे. बरेच जण तिथेच थांबतात. पुढचं माळीमामा करतात.

गार्डन फ्लॅट म्हणजे ज्याच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला आज आपल्याकडे काय भाजी आहे ते दिसतं, असा तळमजल्यावरचा फ्लॅट. याची भरपाई म्हणून पुढे 500 चौरस फूट जागा मिळते. माहितीपत्रकावर त्या जागेत एक गोरं कुटुंब पांढऱ्या कपड्यांत, सोनेरी केसांच्या कुत्र्यासह लोळत असतं. प्रत्यक्षात चार इंच लाल माती आणि तिच्याखाली अख्ख्या इमारतीचा राडारोडा असतो. खुरपं जरा जोरात मारलं की ठण् असा आवाज येतो आणि बाथरूमची फरशी निघते. वरच्या मजल्यावर कुणाची टाइल फुटली आणि तिचा जोड दुकानात मिळेनासा झाला, की लोक आधी आमच्या लॉनमध्ये चौकशी करतात.

आईचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं असं, की एवढ्या जागेत अळू, कोथिंबीर, मिरच्या आणि कढीपत्ता लावला तर मंडईत जायचं काम उरणार नाही. पण माहितीपत्रकावरच्या त्या गोऱ्या बाईच्या हातात अळू नव्हता. त्यामुळे लॉन झालं.

लॉनसाठी गवत विकत आणावं लागतं, हे आईला अजून पटलेलं नाही. तिचं लहानपण सातारा जिल्ह्यात गेलं. तिथे गवत काढायचे पैसे द्यायचे असत. विकतचं गवत ‘मेक्सिकन’ या नावाने चौरस फुटाच्या भावाने मिळतं. (मेक्सिकोचा त्याच्याशी काय संबंध, हे नर्सरीत विचारू नये. तिथे ‘कलकत्ता’ झेंडूही असतो आणि तो उरुळी कांचनहून आलेला असतो.) हे गवत मोठं मानी. त्याला ऊन लागतं, पण वाफसा हवा. पाणी लागतं, पण साचलेलं चालत नाही. कापलं नाही तर माजतं, फार खाली कापलं तर रुसतं. पावसाळ्यात चार महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्या जागेत घुसखोरी केली तरी ते तक्रार करत नाही, नुसतं आक्रसत जातं. म्हणून ऑक्टोबरात पहिलं काम असतं ते लॉनमध्ये लॉन शोधायचं.

सापडते ती हरळी. तिला कुणी बोलावलेलं नसतं. ती कुंपणाखालून येते, फरशीच्या फटीतून येते, शेजारच्यांच्या कुंडीतून हात लांब करून येते. एक पेर जमिनीत राहिलं तरी त्याचं गाव वसवते. आता हरळी म्हणजेच दूर्वा. भाद्रपदातल्या चतुर्थीला हिच्याच जुडीसाठी आपण मंडईबाहेर उन्हात उभे होतो आणि ‘जुडी जरा भरघोस द्या हो मावशी’ म्हणून घासाघीस करत होतो. दिवाळी तोंडावर आली की तीच हरळी उपटायला मामांना रोज द्यायचा. जगातल्या उष्ण देशांत गोल्फची मैदानं या गवताची असतात, तिथे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. त्या मैदानावर पाऊल टाकायला लोक मोठमोठ्या वर्गण्या भरतात. आमच्या 500 फुटांत ती फुकट आली, म्हणजे अर्थातच हलकी असणार.

नीट पाहिलं तर पावसाळ्यानंतरचं लॉन म्हणजे गणपतीच्या 21 पत्रींचं गोदाम असतं. इकडे आघाडा, तिकडे माका, नळाजवळ डोरली, कुंपणाच्या कोपऱ्यात धोत्रा, आणि कचरा म्हणून ओरबाडायला जावं तर निळं इवलं फूल दाखवणारी विष्णुक्रांता. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी हातात बॅटरी घेऊन याच जागेत फिरलो होतो. एक पान ओळखू येईल तर शपथ. शेवटी पत्रीची पुडी बाजारातूनच आली होती.

लव्हाळ्याचं प्रकरण आणखी वेगळं. तुकाराम महाराजांनी नम्रतेचा दाखला द्यायला लव्हाळा निवडला. महाराजांनी लॉन केलेलं नव्हतं, हे उघड आहे. लव्हाळा वरून नम्र असतो, खाली त्याच्या गाठींची साखळी असते. वरचं पातं ओढलं की ते सुळकन हातात येतं आणि आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं. गाठी जमिनीत तशाच राहतात आणि आठवड्याने एकाच्या जागी चार पाती सलामीला उभी करतात. या गाठी म्हणजे आयुर्वेदातली मुस्ता. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण जे उटणं चोळून घेतो, त्यातला सुगंधी नागरमोथा हा याच लव्हाळ्याचा भाऊबंद. थोडक्यात, त्या पंधरवड्यात आपण एका भावाला घमेल्यात भरून फाटकाबाहेर टाकत असतो आणि दुसऱ्याला नक्षीदार पुडीत घालून घरात आणत असतो.

गाजरगवताबद्दल मात्र पुणेकराने जपून बोलावं. भारतात त्याची पहिली ठळक नोंद 1955च्या सुमारास झाली ती पुण्यातच. पुढे ते देशभर पसरलं. एरवी ‘देशात पहिल्यांदा’ म्हटलं की पाटी लावायला धावणारं हे शहर एवढ्या एका गोष्टीचं श्रेय घ्यायला पुढे येत नाही.

खुरपणीत आई फक्त घोळ काढते. काढते म्हणजे निवडून घेते. त्या रात्री ताटात घोळाची भाजी असते, लसणाची फोडणी दिलेली, आणि लॉनचं वर्षभराचं शेतकी उत्पन्न तेवढंच असतं. मी दोन वेळा वाढून घेतो आणि बोलत काही नाही.

मुळात लॉन ही इंग्लंडची हौस. तिकडच्या पावसात गवत मागे लागतं, थांबत नाही. ते विळ्याने कापून आणि मेंढ्यांना चारून लोक दमले होते. 1830मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग नावाच्या गृहस्थाने लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहिलं आणि त्यावरून गवत कापायचं यंत्र बनवलं. म्हणजे लॉनचं सगळं शास्त्र आधी उगवलेल्या गवताचं पुढे काय करायचं या अडचणीतून जन्मलेलं आहे. आमची अडचण त्याच्या एक पायरी अलीकडची आहे.

शेजारच्या काकांना हे मान्य नाही. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो, आणि त्याच्या घराला पुढे लॉन, मागे लॉन. ऑक्टोबर लागला की तो व्हिडिओ कॉलवर तयारी दाखवतो: पानं गोळा करणं, जमिनीला भोकं पाडणं, नवं बी फेकणं, खत मारणं. काका वहीत लिहून घेतात. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे समोर आलेली यादी वरून खालपर्यंत पूर्ण करायची हा त्यांचा धर्म. यादी दुसऱ्या शाखेची आहे, हा मुद्दा ते विचारात घेत नाहीत.

पहिला प्रश्न पानांचा आला. न्यू जर्सीत ऑक्टोबरात पानं लाल-पिवळी होऊन ढिगाने गळतात. आमच्या सोसायटीतली झाडं पानं टाकणार ती शिशिरात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. काकांनी लांब दांड्याचं दाताळं आणून ठेवलं होतं. रोज सकाळी ते दाताळं घेऊन बाहेर येत आणि वर बघत. पडलीच चुकून चार पानं, तर ती सहा वाजता वॉचमनच्या खराट्याने गेलेली असत. शेवटी काकांनी वॉचमनला बाजूला घेऊन सांगितलं, “आमच्यापुढची राहू देत जा रे.” वॉचमनने तेव्हापासून सगळ्या सोसायटीतली पानं काकांच्या दारात लोटायला सुरुवात केली. काकांचे दोन दिवस फार आनंदात गेले.

मग भोकं. गवताची मुळं मोकळी व्हावीत, हवा-पाणी आत जावं म्हणून जमिनीला भोकं पाडतात. यात गैर काही नाही. मामा लोखंडी पंजा घेऊन अर्ध्या तासात ते करतात. पण मुलाने ऑनलाइन एक वस्तू पाठवली: तळव्याला बोटभर लांब खिळे असलेले सँडल. ते बुटांवर पट्ट्याने बांधायचे आणि लॉनवर नुसतं फिरायचं. काकांच्या पुढ्यात बिल्डरने लाल माती टाकलेली नाही, मूळची काळी चिकण माती आहे. ती कोरडी असली की तिच्यावर पहार वाजते, आणि भिजली की ती धरलेलं सोडत नाही. आदल्या रात्री हस्त बरसून गेला होता. काका सँडल चढवून तिसऱ्या पावलापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. आम्हाला वाटलं, विचार करताहेत. थोड्या वेळाने काकूंनी खिडकीतून विचारलं, “अहो, काय झालं?”

“काही नाही. चहा इथेच दे.”

मामा गेले. “काका, पाय उचला.”

“पाय उचलतोय हो मामा, सँडल उचलत नाही.”

पट्टे मागच्या बाजूला होते आणि वाकलं की तोल जात होता. मामांनी पट्टे सोडवले, काकांना बुटांसकट बाजूला उभं केलं आणि सँडल पहारीने उपसून काढले. प्रत्येकाबरोबर पाटीभर माती वर आली. मामा ती दोन विवरं पाहत बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “भोकंच पाडायची होती, तर गांडुळं होती की.” त्या संध्याकाळी, म्हणजे मुलाच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, “बाबा, माती जरा सुकू द्यायची असते.” काका म्हणाले, “यादीत तसं नव्हतं.”

गंमत अशी, की या दोन घरांची गवतं एकमेकांच्या उलट्या चालीची आहेत. मुलाच्या अंगणातलं फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास ही थंडीची गवतं. उन्हाळ्यात ती सुस्तावतात आणि सप्टेंबरात गारवा आला की तरतरून उठतात, म्हणून तिकडे तेव्हा बी टाकतात. आमचं मेक्सिकन आणि हरळी दोन्ही उन्हाळी. पुण्यातल्या रात्री गार पडायला लागल्या की ती अंग चोरतात आणि फेब्रुवारीपर्यंत हलत नाहीत. तिकडचा ऑक्टोबर म्हणजे शाळा उघडण्याचा दिवस, आपल्याकडचा म्हणजे सुट्टीआधीची शेवटची घंटा. जे काही खतपाणी, भरणं, जोडणं करायचं ते याच दिवसांत. हे मामांना माहीत आहे. म्हणूनच त्यांचं अंदाजपत्रकही याच दिवसांत येतं.

अंदाजपत्रकात वरच्या ओळीला शेणखत असतं. ‘चांगलं कुजलेलं’ हे शब्द त्याला चिकटूनच येतात. “नुसती माती झालीय दादा, वास म्हणून नाही,” असं मामा सांगतात. रात्री टेम्पो येतो. सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला संदेश असतो, “ड्रेनेज चोकअप आहे का?” दुसरा, “सी विंगलाही येतोय.” तिसरा, कुणीतरी हात जोडलेल्या चिन्हासह, “सुप्रभात.” मग सेक्रेटरी प्लंबर घेऊन प्रत्येक चेंबरचं झाकण उघडत आमच्या दारापर्यंत येतात. मी त्यांना कुजलेलं म्हणजे काय ते समजावून सांगतो. ते रुमाल नाकावरून न काढता ऐकून घेतात. प्लंबर मात्र ढिगात बोट घालून बघतो आणि म्हणतो, “अजून महिनाभर पाहिजे होतं.” त्याचं बरोबर असतं. कच्च्या शेणखतात हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खातात. शिवाय म्हशीने वर्षभरात ज्या ज्या तणाचं बी खाल्लं, ते तिच्यामार्फत जसंच्या तसं लॉनमध्ये पोचतं. पुढच्या ऑक्टोबरातली खुरपणी मामा या ऑक्टोबरात पेरून ठेवतात. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या नोकरीत इतकं दूरवरचं नियोजन कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

गुलाबांचं काम त्या मानाने लवकर आटपतं. पाऊस गेला की छाटणी, छाटलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट, दीड-दोन महिन्यांनी फुलं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात नाव द्यायचं असेल तर लोक उलटे दिवस मोजून कात्री हातात घेतात. आमच्या विंगचे गुलाब दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई छाटतात. त्या प्रत्येक फांदीकडे चष्म्यावरून बघतात, बाहेरच्या बाजूचा डोळा शोधतात आणि वरचं सगळं उडवतात. ‘बाई, यावर कळी आहे’ असं सांगायची कुणाची हिंमत होत नाही.

उरलं पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला 5 मिलीमीटर द्यायचं म्हटलं, तर 500 चौरस फुटांना साधारण 230 लिटर लागतं. सरकारी मापाने शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर धरतात. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी हा हिशेब फळ्यावर मांडला आणि आमचं लॉन जवळजवळ पावणेदोन माणसांचं पाणी पितं असं जाहीर केलं. आई सभेला आली होती. ती म्हणाली, “पावणेदोन माणसं घरात ठेवली असती, तर त्यांनी निदान दळण तरी आणलं असतं.” हे इतिवृत्तात घ्यावं अशी सूचना आली आणि एकमताने मंजूर झाली. पाणी सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतून घ्यायचं ठरलं. त्यामुळे शेणखताचा विषय आपोआप मागे पडला.

एवढं होईपर्यंत वसुबारस चार-पाच दिवसांवर येते. लॉनवर पसरायची लाल माती मामांनी चाळून, खडे काढून, कुंपणाशी ढीग लावून ठेवलेली असते. चाळलेल्या मातीचा ढीग आणि सहामाही संपलेली मुलं एका आवारात असली, की पुढचं कुणी ठरवावं लागत नाही. मी ऑफिसातून आलो तेव्हा राजगडाचा पाया घातला गेला होता. लॉनच्या सगळ्यात चांगल्या, एकसारख्या हिरव्या कोपऱ्यात.

“इथे का?” मी विचारलं.

“इथे ऊन चांगलं येतं. आजीने सांगितलं,” सरदार म्हणाले. सरदार इयत्ता पाचवीतले होते.

पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या निघाल्या. बालेकिल्ल्याची उंची किती, यावर दोन विंगांत भांडण झालं. पायऱ्यांना दगड कमी पडले तेव्हा मुलांनी खुरप्याने लॉन उकरलं आणि लागतील तेवढे फरशीचे तुकडे काढले. इमारत बांधल्यापासून त्या राडारोड्याचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो स्वराज्याला. मग गोणपाट अंथरून त्यावर हळीव आणि मोहरी टाकली गेली. झारीने सकाळ-संध्याकाळ शिंपडणं, बस्स. खत नाही, पंजा नाही, न्यू जर्सीचा सल्ला नाही. चौथ्या दिवशी गडाचे उतार असे हिरवेगार झाले, की फराळाला आलेल्या पाहुण्यांनी चकली हातात तशीच धरून विचारलं, “काय सुरेख आलंय हो! कोणतं गवत म्हणायचं हे?” काका तर गुडघ्यावर बसले, हळिवाचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. तिकडून उत्तर आलं: ‘व्हेरायटी विचारा.’

तुळशीचं लग्न लागलं, हवेत गारवा आला, आणि मामा दिवाळीची पोस्त घ्यायला आले तेव्हा आम्ही मिळून गड उतरवायला घेतला. मावळे डब्यात गेले. गोणपाट उचललं. खालचं मेक्सिकन पिवळं पडून चपटं झालं होतं, आणि त्याच्या शेजारी गडाच्या पायथ्यातून हरळीचा एक दांडा ऐटीत बाहेर आला होता.

मामांनी माती मुठीत घेऊन दाबून पाहिली. “आता थंडी लागली दादा. इथं गवत धरायला फेब्रुवारी उजाडेल.”

“मग तोवर हे असंच बोडकं ठेवायचं?”

“तसं नको.” मामा घराच्या दाराकडे बघत म्हणाले, “माती कशी भुसभुशीत झालीय. कोथिंबीर झकास येईल.”

“धणे रगडून ठेवलेत रे मी,” आतून आवाज आला.